वाकळेची सुई आणि धैर्यशीलची राखी

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. वाकळेची, म्हणजे गोधड्या शिवायची. माझी हकिगत ऐकून मला शाबासकी देऊ नका, कारण मी एक जिवापाड जपलेलं कापड नासवलं आहे.

कुठल्याशा कारखान्यात तारेचा तुकडा घासून मला टोक काढलं. लग्नाआधी राहीबाईंनी मला वडूजच्या बाजारात घेतलं आणि सासरी मलकापूरला आणलं. जुन्या लुगड्यांचे थरच्या थर मी भेदत असे. "माझी सुई लय गुनाची," असं त्या शेजारणींना सांगायच्या. पुढे त्यांची नजर मंदावली, घरात विकतच्या चादरी आल्या आणि मी बिस्किटांच्या डब्यात जाऊन पडले. तुटक्या बटणांशी किती बोलणार?

यंदा श्रावणाच्या तोंडावर डबा उघडला. राहीबाईंची लेक दीपमाला हिने मोबाइलवर बघून बारीक भरतकाम शिकायचं मनावर घेतलं होतं. तिचा धाकटा भाऊ धैर्यशील फौजेत, बर्फाच्या मुलखात. त्याच्या राखीवर रुपयाएवढ्या गोलात त्याची लाडकी शेळी रूपी भरायची होती. कापड होतं त्याच्याच बाळपणीच्या झबल्याचं. राहीबाईंनी ते ट्रंकेतून काढून दिलं. "जपून गं, एवढंच ऱ्हायलंय," म्हणाल्या.

ते कापड कांद्याच्या पापुद्र्यासारखं विरलेलं. मला बघताक्षणी कळलं, हे माझं काम नव्हे. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी मला बोटांत धरलं होतं हो! मी हातातून निसटून पडले असते, तर तिने दुसरी सुई शोधली असती. मी पडले नाही. सहाच्या सहा पदरांचा दोरा नेढ्यातून ओढून घेतला आणि मिरवत निघाले.

"दीपे, घट्ट वढ. सैल टाका टिकत न्हाई," राहीबाई शेजारून सांगत होत्या. दीपमालाने ओढला. कापड चुणलं. तिने आणखी ओढला आणि रूपीच्या पोटावर टर्रकन भोक पडलं.

दीपमाला रडायलाच लागली. "मीच म्हनलं की गं वढ," राहीबाई पुटपुटल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने कराडहून केसासारखी बारीक सुई आणली, दोऱ्याचा एकेक पदर सुटा केला आणि हलक्या हाताने शेळी पुरी केली. भोकाच्या कडा बांधल्या, पण भोक काही झाकेना. राखी तशीच टपालाने गेली.

राखीपौर्णिमेला धैर्यशीलचा व्हिडिओ कॉल आला.

"आक्के, रूपी झ्याक जमलीय! पन हिच्या पोटाला काय झालं गं?"

"आईची वाकळंची सुई वापरली रं. चुकलंच माझं."

"टाकूनच दिती ती आता," राहीबाई मागून म्हणाल्या.

"आगं नगं, आई! तुझी वाकळ हितं उसवलीया. लय थंडी शिरती आत. ती सुईच पाठव मला."

आता मी त्याच्या पेटीत असते आणि त्याची वाकळ शिवते. टाके घट्ट बसतात, त्याला ऊब लागते. पण शिवताना त्याचं मनगट माझ्यासमोर येतं, राखीवरचं ते भोक दिसतं आणि माझी मान वर होत नाही.

मित्रांनो, बारीक भरतकाम शिकाल तेव्हा आधी सुई पारखून घ्या, दोऱ्याचा एकच पदर घ्या आणि हळू ओढा. आणि माझ्यासारखीला वर्षानुवर्षं डब्यात टाकून ठेवू नका. कामाला हपापलेली सुई कुठेही घुसते.