शेवटची पुडी

सांध्यांच्या डॉक्टरची तारीख अडीच महिन्यांनी मिळाली होती. ती उद्यावर आली, तरी दवाखान्याने पाठवलेल्या फॉर्मवर मीराबाईंच्या नावापलीकडे एक अक्षर पडलं नव्हतं. लेक दर्शना पेन घेऊन आईसमोर ठाण मांडून बसली.

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी."

"आई, नाव सांग ना!"

नाव कुठून सांगणार? घाटकोपरला त्यांच्या गल्लीतला डॉक्टर पाच वर्षं कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या देत आला होता. दर्शना तावातावाने तिकडे जाऊन आली. कंपाउंडर म्हणाला, "नाव कशाला पायजे? फरक पडतो ना?" मोठ्या दवाखान्यात फोन लावला, तर तिथली बाई म्हणाली, पुडी आहे तशी घेऊन या, डॉक्टर बघतील. घरात एकच पुडी उरली होती.

फरक पडायचा, हीच तर खरी पंचाईत होती. मीराबाई पुडी रोज घेत नसत. चारचौघांत वावरायचं असेल त्या दिवशीच घेत, आणि लोकांना दिसायचे ते त्यांचे त्या दिवशीचे हात.

"बुद्धपौर्णिमेला पन्नास माणसांची खीर ढवळलीस की," धोंडिराम खाटेवरून म्हणाले. "आणि आता म्हणे संधिवात!"

नवऱ्याने जन्मभर पालिकेत मुकादमी केलेली. आजारपणाची रजा मागणाऱ्याकडे आधी संशयाने बघायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. मीराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खीर ढवळली होती, हे खरंच होतं.

दर्शनाने पुढचा प्रश्न वाचला. "सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात?"

"असतात थोडा वेळ."

"थोडा म्हणजे किती? हेच विचारणार गं तो! तू तिथेपण 'बरं आहे' म्हणशील, आणि तो दहा मिनिटांत वाटेला लावेल. मग बस परत पुड्या खात."

किती वेळ, ते मीराबाईंनी कधी मोजलंच नव्हतं. धोंडिराम सहाला उठत. त्या साडेचारलाच उठून मोरीत गरम पाण्यात हात बुडवून बसत, आणि बोटं सुटली की मगच चहाचं आधण ठेवत. पाच वर्षांत हे घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. आता कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून चिडायचं, तर आधी स्वतःवरच चिडायला हवं होतं. त्या चिडल्याही, अगदी रडू येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी साडेचारला जाग आली आणि हात सवयीने पुडीकडे गेला. मोठ्या डॉक्टरपुढे धड जायला नको? मग त्यांनी पुडी फॉर्मच्या पिशवीत टाकली. पाणीही तापवलं नाही. अंथरुणात नुसत्या बसून राहिल्या.

सहाला धोंडिराम उठले. "चहा?"

मीराबाईंनी पातेलं उचललं. बोटं मिटेनात. पातेलं आदळलं, पाणी सगळीकडे झालं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. लायटरही दाबता येईना. धोंडिराम आधी "बघून धर की" म्हणाले, मग स्वतःच पुढे आले. गॅस त्यांनीच पेटवला. चहाचा कप मीराबाईंनी दोन मनगटांत धरला. निऱ्या दर्शनाने घातल्या. बोटं वळू लागली तेव्हा साडेसात वाजले होते.

धोंडिरामांनी फॉर्म ओढून घेतला, चष्मा लावला आणि रिकाम्या जागी 'दीड तास' लिहिलं. हजेरीपटावर करायचे तशी शेजारी सहीही केली.

"खोडा ते," मीराबाई म्हणाल्या. आवाज चढलाच. "दीड नाही, तीन. मी साडेचारपासून जागी आहे."

"साडेचारला कशाला उठलीस आज?"

"आज नाही, रोजच उठते. तुम्ही उठायच्या आत हात सोडवायला."