सेकंड शिफ्ट

कागदावर बारा शब्द होते: नारळ, कुलूप, पूल, चादर आणि असेच आणखी आठ. खाली पाच प्रश्न. डॉक्टर मैथिलीने शब्द सावकाश वाचले, वीस मिनिटं चांगदेवांशी इकडच्यातिकडच्या गप्पा मारल्या आणि मग म्हणाली, "काका, आठवतील तेवढे सांगा."

चांगदेवांनी सहा सांगितले. मंजुळाने बोटांवर मोजले. चार महिन्यांपूर्वी, ठाण्याच्या या हॉस्पिटलात नव्या गोळीची चाचणी सुरू झाली तेव्हा नवऱ्याला एकही शब्द आला नव्हता.

"घरात माणसं किती?"

"तीन. मी, ही आणि रत्नदीप."

मैथिलीने मंजुळाकडे न बघता फुली मारली.

मुलगा जाऊन दीड वर्ष झालं होतं. मानपाड्याच्या वळणावर ट्रकने स्कूटर उडवली. रत्नदीप जागीच गेला. मागे बसलेल्या चांगदेवांच्या डोक्याला मार लागला. ते शुद्धीवर आल्यावर मंजुळाने त्यांना चार वेळा खरं सांगितलं. चारही वेळा त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. पाचव्यांदा त्यांनी "रत्नदीप कुठाय?" विचारलं तेव्हा तिची जीभ रेटेना. "कारखान्यात, सेकंड शिफ्टला गेलाय," ती म्हणाली. तेव्हापासून तेच. खरं वाटावं म्हणून ती रोज त्याचा डबा भरायची आणि दुपारी शेजारच्या मालनला देऊन यायची.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायन कमी पडलंय, गोळी ते वाढवते, असं मैथिलीने तिला समजावलं होतं. गोळी एवढ्यावरच थांबवता येईल का, असं मंजुळाने निघताना हळूच विचारलं.

"अहो काकू, बरे होतायत ते," मैथिली म्हणाली.

बुधवारी मंजुळा डब्यात मेथीची भाजी भरत होती. चांगदेव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"मागच्या हप्त्यात पण सेकंडच होती ना त्याची?"

ती भाजी भरत राहिली.

"त्याच्या आधीच्या पण. अगं, शिफ्ट सोमवारी बदलते. कारखान्यात तीस वर्षं काढलीत मी. सलग तीन हप्ते सेकंड कुणाला देत नाहीत."

मंजुळाने गॅस बंद केला, हात पुसले आणि पाचव्यांदा सांगितलं.

या वेळी ते कोसळले नाहीत. खुर्चीवर बसले. त्यांनी विचारलं, "आधी सांगितलेलंस मला?"

"चार वेळा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होती. विसरले असतील तर बरं, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. त्यांनी काही विचारलं नाही. कालचा भरलेला डबा ओट्यावर तसाच होता. त्यांनी तो रिकामा केला, घासला, कोरडा पुसला आणि सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. हात पुरत नव्हता, म्हणून स्टूल घेतलं.

मंगळवारी पुन्हा ठाणे. शब्द नवे होते, प्रश्न तेच.

"घरात माणसं किती, काका?"

"दोन."

मैथिलीने बरोबरची खूण केली आणि खाली बेरीज लिहिली. शब्द: बारापैकी नऊ. प्रश्न: पाचपैकी पाच.