घरात माणसं किती?

"घरात माणसं किती?" मी विचारलं.

"कुणाच्या?"

"तुमच्या. मी नाही विचारत, हा फॉर्म विचारतोय."

टाउनो राउतिआइनन टोपी मांडीवर ठेवून समोर बसले होते. दुकानामागच्या आमच्या कॉफीच्या खोलीत गिऱ्हाइकाला आणायला मनाई आहे. पण त्या दिवशी मी त्यांना आणलं. त्यांच्या सवलत-कार्डाचं खातं आमच्या दुकानाच्या कंपनीनं गोठवलं होतं, आणि त्याला थोडीफार मीही कारणीभूत होते.

फिनलंडमधल्या आमच्या वार्काउस गावात तीस वर्षं त्यांनी बस चालवली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यापासून रोज अकराला दुकानात यायचे, एक दूध, एक काळा, पोळीसारखा चपटा राय ब्रेड घ्यायचे आणि माझ्या काउंटरजवळच्या बाकावर बसायचे. मी गिऱ्हाइकाला विचारायची, कार्ड आहे? तो नाही म्हणाला की टाउनो उठायचे, मुकाट्यानं आपलं कार्ड पुढे करायचे. सवलत गिऱ्हाइकाला, पॉइंट त्यांच्या नावावर. गिऱ्हाईक धन्यवाद म्हणायचं, ते मान हलवून पुन्हा बसायचे. नियमात हे बसत नाही, हे मला माहीत होतं. पण मी कधी अडवलं नाही. खरं सांगायचं तर पाच वर्षांत मी त्यांच्याशी तीनच वाक्यं बोलले होते: नमस्कार, कार्ड आहे का, पावती हवी का.

त्या पॉइंटांचं त्यांनी कधी काही घेतलंही नाही. पण कंपनीच्या यंत्राला काय दिसलं? एका म्हाताऱ्यानं एका महिन्यात तीन मापांचे डायपर, मांजराचं खाणं, केसांचा लाल रंग आणि लहान मुलीचं हेल्मेट घेतलं. माणूस एक तर भलताच संसारी, नाही तर लबाड. पत्र आलं: घराबाहेरचे लोक कार्ड वापरत असल्याचा संशय आहे, चौदा दिवसांत घरातल्या माणसांची नावं कळवा, अन्यथा खातं कायमचं बंद.

"दोन-तीन नावं ठोकून द्या," मी म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

त्यांनी मांडीवरची टोपी उलटी केली. "ती हिरव्या टोपीवाली, डायपर नेते ती. तिचं नाव काय?"

"मला काय माहीत!"

"रोज येते की."

"येते रोज. पण नाव कोण विचारतं?"

हे मात्र त्यांना पटलं. आमच्याकडे खरंच कोण विचारतं?

कॉफी गार होत होती. मग ते आपणहून बोलायला लागले, कपाकडे बघत. बसमधून उतरताना प्रत्येक जण धन्यवाद म्हणायचा, म्हणाले. मागच्या दारानं उतरणारे आरशात बघून हात वर करायचे. दिवसाला तीनशे तरी. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी एकही नाही, मंगळवारीही नाही. मग एकदा दुकानात एक बाई कार्ड विसरून आली होती.

"दिलं मी माझं. धन्यवाद म्हणाली. तो दिवस बरा गेला, पोरी."

एवढ्याशा शब्दासाठी हा माणूस रोज बाकावर बसत होता, आणि मी समजत होते, याला दुसरा उद्योग नाही.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"एक."

"एक लिहिलं तर बंद होईल ते."

"आहे एक, तर एकच लिहायचं."

मी एक लिहिलं. आठवड्यात खातं बंद झालं.

त्यानंतर ते आठवड्यातून एकदाच यायला लागले. बाकावर बसत नसत. कार्डाशिवाय तिथं बसायला त्यांना कारण उरलं नव्हतं, आणि आमच्याकडे कारणाशिवाय कुणी कुठं बसत नाही.

एका गुरुवारी रांगेत ते, आणि त्यांच्यामागे हिरव्या टोपीवाली. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "कार्ड आहे?" निघाल्यावर जीभ चावली.

"नाही," टाउनो म्हणाले.

मागून एक हात पुढे आला. हिरव्या टोपीवालीनं मधल्या काळात स्वतःचं कार्ड काढलं होतं. ती ते धरून उभी राहिली. टाउनोंनी त्या कार्डाकडे पाहिलं आणि तिचा हात हलकेच मागे सारला.

"ठेव आत. तुझंही बंद करतील."

ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, "धन्यवाद."

त्यांनी मान हलवली, दूध आणि ब्रेड पिशवीत टाकला आणि निघाले. आमच्या दारावर चोरांवर नजर ठेवायला एक गोल आरसा लावलेला आहे. टाउनो त्याच्याखाली थांबले, वर बघितलं आणि उतरणाऱ्या प्रवाशासारखा हात वर केला.

माझ्या हातात डायपरचा गठ्ठा होता. तो खाली ठेवून मी हात उचलला, तोवर दार मिटलं होतं.