एन्क्लोजर नाही, सबब परत

नामपल्लीला बस पुरती थांबायच्या आत हणमंतराव उतरले, रस्ता ओलांडून उलट्या बसमध्ये चढले आणि बरकतपुऱ्यातल्या स्वतःच्याच स्वयंपाकघरात घुसून त्यांनी गॅस बंद केला.

गॅस खरोखरच चालू होता. त्यावर वरण शिजत होतं आणि शेजारी त्यांची बायको सरोज पळी घेऊन उभी होती.

"मी म्हणत नव्हतो?" हणमंतराव म्हणाले.

"अहो, मी उभी आहे ना इथं."

"तुला झोप लागली तर?"

"सकाळी दहाला? वरणात तोंड घालून?"

आठवड्यातली ही तिसरी फेरी. पंखा अंगावर पडेल म्हणून त्यांचा पलंग दोन वर्षं अर्धा खोलीत आणि अर्धा दारात होता. बेगम बाजारातून हळद आणली की ते आधी स्वतः चाटत, तासभर जिवंत राहत, मगच डब्यात भरू देत. पण सगळ्यात मोठी काळजी नोकरीची. सरकारी कारखाने, महामंडळं धडाधड बंद व्हायला लागल्याचे दिवस ते. हणमंतरावांच्या महामंडळातही एक कॉम्प्युटर येऊन बसला होता. त्याला वेगळी खोली, थंड हवा, आणि आत जाताना सगळ्यांच्या चपला बाहेर. दारापाशी साहेबांचे बूट दिसले, की आत आपल्यालाच काढायचं चाललंय, या विचारानं हणमंतरावांना दरदरून घाम फुटे.

सरोजनं पळी खाली ठेवली. "एक सांगा. तुमच्याकडं कागद आला आणि त्याला एन्क्लोजर जोडलेलं नसलं, तर काय करता?"

आवक शाखेत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे अपमानच. "परत पाठवतो. आणखी काय करणार?"

"मग डोक्यात काळजी आली की तिलाही विचारा, पुरावा जोडलाय का. नसला तर पाठवा परत."

हे एवढं सोपं असेल, असं हणमंतरावांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. पंखा पडेल. एन्क्लोजर? नाही. परत. पलंग पंख्याखाली आला. हळद थेट डब्यात गेली. महिनाभर हणमंतराव बसमध्ये शेवटपर्यंत बसून राहिले आणि ऑफिसला इतक्या वेळेवर पोचले, की साहेबांना त्यांच्या तब्येतीची शंका आली.

मग मुख्य कार्यालयाचा कागद आला. आवक-जावक शाखा एक तारखेपासून बंद, काम कॉम्प्युटरवर, कमी करायच्या माणसांची यादी सोबत जोडली आहे.

हणमंतरावांनी पान उलटलं. यादी नव्हती. लिफाफा झटकला, तरी नव्हती. त्यांचा चेहरा उजळला. वर 'एन्क्लोजर नाही, सबब परत' लिहून त्यांनी कागद दुपारच्या टपालात टाकला.

"हणमंतराव," पलीकडच्या टेबलावरचा सुधीर म्हणाला, "हा कागद खरा आहे वो."

"प्रत्येक काळजीला तसंच वाटतं."

दहा दिवसांनी कागद यादीसकट परत आला. यादी लिलावात काढायच्या सामानाची होती: मोडक्या खुर्च्या अकरा, लोखंडी कपाटं दोन, पाण्याचं पिंप एक. हणमंतरावांनी त्यात स्वतःला दोनदा शोधलं. नव्हते. कागद पुन्हा परत.

तोवर एक तारीख उलटून गेली. मुख्य कार्यालयाला नवी तारीख घालावी लागली आणि शाखेतल्या सात जणांना एक आख्खा महिना मिळाला. चपराशी यादगिरी स्वतःहून इराणी चहा घेऊन आला.

"साब, कंपूटरकू भी वापस भेज देते क्या? उसकू भी कुछ जोडेले नै."

"त्याला वायर जोडलीय, यादगिरी," हणमंतराव गंभीरपणे म्हणाले. "नियमात बसतो तो."

तिसऱ्या खेपेला कागद आला तेव्हा त्यांनी सवयीनं सगळं तपासलं. यादी होती. शिक्का होता. सही होती. पहिलं नाव त्यांचं, तिसरं सुधीरचं.

सुधीर उठून त्यांच्या टेबलाशी आला. "आता?"

"आता काही नाही. पूर्ण आहे कागद."

त्यांना घाम आला नव्हता. सत्तावीस वर्षं हा कागद त्यांनी मनात शंभरदा वाचला होता. दर वेळी त्यात साहेब ओरडत, कुणीतरी दंडाला धरून फाटकाबाहेर काढी, रस्त्यावरची माणसं थांबून बघत. खरा कागद एवढासा निघाला, एका कोपऱ्याला फाटलेला. हणमंतरावांनी कोपऱ्याला चिकटपट्टी लावली, आवक नंबर घातला, आणि कागद साहेबांकडे नेऊन दिला. मग सुधीरला पाणी दिलं.

घरी पाटावर बसल्यावर त्यांनी सरोजला सांगितलं.

ती हसली. "तुम्हाला आपलं असंच वाटत असेल."

"नाही गं."

"साहेबांचे बूट बघितले असतील दारापाशी."

"नाही, सरोज."

तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग भात वाढला. वरण वाढलं. "पोरीची बारावी आहे यंदा," असं म्हणता म्हणता थांबली आणि पुन्हा भात वाढला, आणि तो अर्धा संपायच्या आत आणखी एकदा वाढला. हणमंतरावांचं पोट केव्हाच भरलं होतं. त्यांनी ताटावर हात आडवा धरला नाही. ते जेवत राहिले.