नावाडी कुठे पोचला

"पंचे, गेमच्या शेवटच्या टप्प्याला हात लावायचा नाही. क्लासहून आलो की पेन ड्राइव्हवर घेतो, मग खेळ तू."

नऊ वर्षांपूर्वीचा धम्मदीपदादाचा तो नुकता फुटलेला आवाज पंचशीलेच्या कानात अजून तसाच होता. दादाची पाठ फिरली आणि तिने हात लावलाच.

गेममध्ये एक म्हातारा नावाडी होता. त्याला शिपायांच्या हवाली करून दादाने खाडीपलीकडचा किल्ला मिळवला होता. बारा वर्षांच्या पंचशीलेला ते काही पटेना. तिने तो टप्पा पुन्हा खेळला आणि नावेचा दोर सोडून दिला. नाव धुक्यात शिरली, आणखी आत गेली, दिसेनाशी झाली. पडद्यावर अक्षरं उमटली : पुढचं पुढच्या भागात. मग तिच्या लक्षात आलं, दादाचा खेळ पुसला जाऊन त्याजागी तिचा साठवला गेला होता.

दादाने आल्या आल्या, न बघताच फाइल उतरवून घेतली. महिन्याभरात तो सेकंडहँड कम्प्युटरही भंगारात गेला.

पुढचा भाग मात्र येईना. दिवाळीला येतो म्हणे, उन्हाळ्यात येतो म्हणे. चारदा तारीख पडली, चारदा टळली. तोवर दादा काशीमीऱ्याच्या गोदामात सुपरवायझर झाला, पंचशीला नर्सिंगला लागली. पेन ड्राइव्ह हाटकेश वस्तीतल्या त्यांच्या घरात, जातपडताळणीच्या दाखल्याच्या फाइलमध्ये. त्याहून जपलेली जागा घरात नव्हती.

आई म्हणायची, "एवढी वाट एखाद्या स्थळाची बघितली असतीस, तर आत्तापर्यंत मांडीवर नातू असता माझ्या."

"स्थळाचा ट्रेलर कुठे येतो, आई?"

असं म्हणून पंचशीला हसायची. मनात मात्र एकच : धुक्यापलीकडे काय असेल? कोण भेटलं असेल त्याला? वॉर्डात सलाइनचे थेंब मोजताना ती नाव हळूहळू पुढे सरकत राही. विचारणार कुणाला? विचारलं की चोरी उघडी. दादा तर मित्रांना छातीठोक सांगे, "नावाडी मी दिलाय, किल्ला माझाच."

अखेर एका रविवारी सकाळी गेम आला. डाउनलोड संपलं आणि पडद्याने विचारलं : जुना खेळ पुढे न्यायचा, की नवी सुरुवात?

पेन ड्राइव्ह हातात घेऊन दादा थबकला. "हा लय जुना झाला, पंचे. नव्या मशीनला व्हायरस लागायचा फुकट. नव्यानेच सुरू करतो. मागच्या भागात काय केलं होतं ते गेम सुरुवातीला विचारतोच, आपल्याला तर पाठ आहे."

पंचशीलेचा जीव भांड्यात पडला. नऊ वर्षांची चोरी आपसूक निसटून चालली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. पण गप्प बसलं तर ती नाव धुक्यातच राहणार होती, कायमची.

दादाचं बोट बटणाकडे गेलं. तिने त्याचं मनगट धरलं.

"थांब, दादा. त्यात तुझा खेळ नाहीये, माझा आहे. तू क्लासला गेलास ना, तेव्हा मी नावाड्याला सोडून दिला. तो कुठे पोचला, ते मला बघायचंय."