बोललेली दाढी

सत्यवानाने बाबली न्हाव्याची मानगूट धरली आणि त्याला त्याच्याच पेटीवर दाबलं.

"देतस काय नाय?"

"देवचंय नाय," बाबली आवळल्या गळ्यानं म्हणाला. "न्हावी आपलो वस्तरो इकणा नाय रे. मारलंस तरी नाय."

खुर्चीवरचं गिऱ्हाईक तोंडाला साबण तसाच ठेवून बाजारात पळालं होतं. त्याचंही बरोबर होतं. सत्यवान अंगाने आडदांड, त्यात छातीवर रुळणारी ती काळी दाढी. ती पाहून मालवणच्या बाजारातली कुत्रीसुद्धा भुंकायच्या आधी विचार करत. आणि ती दाढी का वाढली आहे, हे आजूबाजूच्या सगळ्या गावांना तोंडपाठ होतं.

तोंडवलीच्या वाळूत रापण ओढताना, जाळं आधी कोणाचं, या भांडणात भिकाजीने वल्हं उचललं आणि सत्यवानाच्या थोरल्या भावाच्या, गुरुदासाच्या डोक्यात घातलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. दोराचं दुसरं टोक सत्यवानाच्या हातात होतं. तो धावला, भावाचं डोकं त्याने मांडीवर घेतलं, तेव्हा बोटांना वाळू आणि रक्त याखेरीज आणखीही काही लागलं. ते काय होतं हे त्याला कळलं, आणि त्या दिवसापासून त्याच्या हाताला जेवण गोड लागलं नाही. क्रियेच्या दिवशी न्हाव्याने त्याच्या डोक्यावरचे केस उतरवले आणि तो गालाकडे वळला, तेव्हा सत्यवानाने त्याचा हात झिडकारला. भिकाजी असाच आडवा पडेपर्यंत तोंडाला लोखंड लावणार नाही, असं तो रवळनाथाच्या नावाने सगळ्यांदेखत बोलला.

अशा बोललेल्या दाढीला तिकडे न्हावी हात लावत नाही. ज्याने बोलली, त्यानेच ती उतरवायची, आपल्या हाताने, स्वतः आणलेल्या वस्तऱ्याने. बोल पुरा झाला म्हणून, नाहीतर देवाची माफी मागून तो सोडला म्हणून.

बाबलीच्या डोक्यात हे सगळं आत्ता कुठे शिरलं. शिक्षा भोगून आलेला भिकाजी तर जिवंत आहे, शिमग्यापासून गावात आहे. मग या माणसाला वस्तरा कशाला हवा? त्याचे डोळे एकदम भरून आले.

"सत्या, दाढी सोडतस? अरे, मगे आधी सांगाचा नाय?"

सत्यवानाची बोटं सैल पडली. खरं सांगितलं असतं तर वस्तरा मिळाला नसता. कोयता घेऊन तो वाटेला लागला की चार माणसं आडवी येत, आणि घरातला कोयता आईने कुठे दडवला होता देव जाणे. वस्तरा मात्र कनवटीला मावतो आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, इतका साधा हिशेब त्याने केला होता. लोक वस्तऱ्याचा असा अर्थ काढतील, हे त्याच्या रागाने भरलेल्या डोक्यात आलंच नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "सोडतंय."

मग काय, आत्ता ज्याचा गळा दाबला जात होता तोच बाबली सल्ला देऊ लागला. "दुकानात पाती घालूची यंत्रा मिळतत, ती घेव नको. कुडाळच्या बाजारातलो वस्तरोय नको, दोन दाढयेंत तेची करवत होता. सरळ जासिंतबाबाकडे जा. तेच्याकडे गोंयसून जर्मन माल येता."

जासिंत म्हातारा. जन्मभर आगबोटींवर खलाशांच्या दाढ्या करून आता देवळामागच्या, म्हणजे त्यांच्या इगर्जीमागच्या घरात पाय पसरून बसलेला. त्याने एक पत्र्याचा डबा उघडला. सत्यवानाने त्यातला सर्वांत लांब, टोकदार वस्तरा उचलला.

"हात पयलोच मां, पुता?" जासिंतने तो त्याच्याकडून काढून घेतला. "नवख्याक टोकदार देवचंय नाय मी. टोक लागला तर गाल उघडतलो. हो घे, गोल टोकाचो. जड आसा, आपल्या वजनान चलता. तू दाबू नको, फकत धर."

त्याने चामड्याचा पट्टा खिळ्याला अडकवला, पातं कसं लोळवायचं ते दाखवलं, मग सत्यवानाच्या दंडावरचे केस एका हाताने सरळ उतरवले. कातडीला काही कळलंसुद्धा नाही. सत्यवानाला ते फार आवडलं.

"आणि गळ्याकडे?" त्याने विचारलं.

"नवख्यान पयल्याच दिवसा गळ्याक जावचा नाय. थंय कातडा सैल, आणि शीर अगदी वर."

"खंय आसता शीर?"

म्हाताऱ्याने मान वर केली आणि आपल्या सुरकुतल्या गळ्यावर बोट ठेवून दाखवली. वाटसरूला विहीर दाखवावी इतक्या सरळपणे. सत्यवानाने वाकून नीट पाहून घेतलं.

तरीच्या होडीतून खाडी उतरेपर्यंत त्याने भिकाजीला वेगवेगळ्या तऱ्हांनी मारलं. कधी मागून, केस धरून मान वर खेचून. कधी समोरून, नाव घेऊन, म्हणजे मरताना त्याला कोण मारतो आहे ते दिसेल. रक्त कुठवर उडेल, सदरा कुठे पुरायचा, हेसुद्धा त्याने ठरवलं. नंतर फाशी झाली तरी चालेल, एवढा तो त्या दिवशी मोकळा होता.

पण बातमी त्याच्या पुढे धावत होती. मासळी विकून परतणाऱ्या बायकांनी ती टोपलीतून गावात नेली होती. तरीवाल्याने त्याच्यासाठी फळी पुसली. पूर्वी त्याला पाहून कुंपणाआड होणारा एकजण आडवा आला आणि त्याने विडी पुढे केली. एका म्हातारीने तर त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्याला या लोकांचा संताप येत होता. आणि खोटं कशाला, थोडं बरंही वाटत होतं. बरं वाटतंय म्हणून आणखी संताप येत होता.

घरासमोरच्या खळ्यात चार बायका जमलेल्या. पडवीत भिकाजी बसला होता.

सत्यवान जागीच थबकला. हात कनवटीवर गेला.

"मीच बोलवन हाडलंय तेका," त्याची आई, हौसाबाई, दारातून म्हणाली. तिचा चेहरा हसरा होता. "आत चला दोघंय. पाणी तापला हा. लोकांच्या देखत नको ही दाढी."

माजघरात तिने पाट मांडला होता, शेजारी साबण, आरसा, तांब्या. भिकाजी समोर टेकला. वल्हं एका हाताने फिरवणारा तो रेडा कुठेच उरला नव्हता. केस पिकलेले, खांदे उतरलेले, तुरुंगातल्या खोकल्याने हाडं वर आलेली.

"सत्या," तो म्हणाला, "माझ्याच हातान झाला ता. तो आवाज माझ्या कानातसून जाणा नाय."

सत्यवानाने वस्तरा काढून उघडला. भिकाजीची मान हातभर अंतरावर होती आणि जासिंतने दाखवलेल्या जागी शीर उडत होती. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि हात उठला नाही. तो आवाज भिकाजीही ऐकतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. आजवर त्याला वाटे, तो आपल्या एकट्याच्याच वाट्याला आला आहे. त्याला स्वतःची किळस आली, भावाची आठवण आली, पण हात काही उठला नाही.

उघडलेल्या वस्तऱ्याचं काहीतरी करायला हवं होतं. तो पाटावर बसला आणि तोंडाला साबण फासला.

"आरसो धर," तो भिकाजीला म्हणाला.

पहिल्याच ओढीत गाल कापला. दुसऱ्या ओढीत कानाखाली लागलं. दाढीचे पुंजके रक्तानं माखून मांडीवर पडू लागले. तो थांबला नाही, दातओठ खाऊन ओढत राहिला. होता होता एक गाल उघडा पडला, कितीक दिवस ऊन न लागलेला, फिकट.

तेवढ्यात मागे लाकूड घासल्याचा आवाज आला. हौसाबाईने मागचं दार आधीच लावलं होतं. आता तिने पुढच्या दाराला अडसर घातला आणि ती दाराला पाठ लावून उभी राहिली. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"दाढी मागसून कर," ती हळू आवाजात म्हणाली. "वस्तरो कित्याक हाडलंस ता माका ठावक नाय? कोयतो मी लपवलंय, लोक तुका वाटेत आडवतीत म्हणान. आज हो आपल्या पायान आत इलो हा. माझो गुरुदास जसो पडलो तसो ह्येका पाड. हो आंगावर इलो म्हणान मी सांगान, सगळ्यांका सांगान."

सत्यवानाने आईकडे पाहिलं. ही बाई रोज त्याला, बोल सोड, लग्न कर, म्हणून विनवत असे.

भिकाजी उठला नाही. दाराकडे त्याने पाहिलंही नाही.

"काकी बोलवक इली तेवाच माका समाजला," तो म्हणाला. "ती हसत होती. पोटचो झील गेलेली आवस माका बघून हसात कित्याक?"

"मगे इलंस कित्याक?" सत्यवानाने विचारलं.

 भिकाजीने आरसा मांडीवर ठेवला आणि सदऱ्याचं वरचं बटण काढलं.

बाहेर खळ्यात बायका कुजबुजत होत्या. सत्यवानाच्या हनुवटीवरून रक्त आणि साबण एकत्र ठिबकत होता. त्याने वस्तरा पाण्यात बुडवला, झटकला.

"आरसो वर धर," तो म्हणाला. "एक गाल रवलो हा."

भिकाजीने दोन्ही हातांनी आरसा वर धरला. आरसा हलू नये म्हणून सत्यवानाने डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं आणि तसंच पातं दुसऱ्या गालाला लावलं. हौसाबाई दाराशीच खाली कोसळली. गुरुदासाचं नाव घेऊन ती ओरडली, पुन्हा ओरडली, कपाळ जमिनीवर आपटत राहिली.

खळ्यातल्या बायकांनी ते ऐकलं.

"रडांदे बिचारीक," त्यांतली एक डोळे पुसत म्हणाली. "आज सुटली ती."