मधला मुलगा ओलीस

आम्ही तिघे भाऊ. थोरला कामाचा, धाकटा लाडका आणि मी मधला. त्यामुळं ओलीस कोणाला ठेवायचं यावर घरी फारशी चर्चा झाली नाही. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, आईनं माझा दुसरा सदरा घडी करून हातात दिला, आणि धाकट्यानं माझी झोपायची जागा घेतली. मी अजून दारातच होतो.

भांडण कुरणाचं होतं. पिरेनीजच्या कुशीत वालसेका नावाचं आमचं खोरं. तिथली जमीन माझे बाबा, सुनिफ्रेड, बार्सिलोनाच्या काउंटांच्या वतीनं राखून होते आणि बदल्यात काउंटांची चाकरी करत होते. ओढ्यापलीकडं रोकाग्रिसचा किल्ला; तो पाम्प्लोनाच्या राजांचा. डोंगरावरचं कुरण कोणाचं, यावरून दोन्हीकडची माणसं इतकी वर्षं मरत होती की मेंढ्यांनाच संकोच वाटायला लागला होता. शेवटी तह झाला. कुरण आम्हाला मिळालं. बाबांनी शांतता पाळायची, आणि हमी म्हणून एक मुलगा रोकाग्रिसात ठेवायचा. सुनिफ्रेडनं शांतता मोडली, तर किल्ल्याच्या मालकानं मुलाला फाशी द्यायची. मुलगा पळून हद्दीबाहेर गेला, तर सुनिफ्रेडची जमीन किल्ल्याच्या मालकाला. आणि मुलगा सुटणार कधी? तर काउंट आणि राजे, दोघांनी मिळून ‘सोडा’ म्हटलं की.

लिहिलं काहीच नाही. आमच्याकडं साक्षीदाराच्या थोबाडीत मारतात, म्हणजे त्याला करार जन्मभर आठवतो. इथं साक्षीदार होता किल्ल्याचा दारवान फोर्तुन, आणि थोबाडीत मारली बाबांनी. बाबांचा हात मोठा आहे. फोर्तुनला तहाचा शब्द न् शब्द पाठ झाला; त्या दिवशी वारा कुठून होता तेसुद्धा. माझं पुढं जे वाटोळं झालं ते त्या हातामुळं.

सन एक हजार पस्तीस उजाडलं तेव्हा मला सांगितलं गेलं होतं, उन्हाळ्यात सुटशील. दोन्ही मालकांची भेट ठरली होती. मे महिन्यात काउंट वारले.

मी किल्लेदार एर्मेन्गोलकडं गेलो. दाढदुखीनं बेजार झालेला, पण सज्जन माणूस.

“साहेब, काउंटांच्या मुलाला विचारू या ना. एकच शब्द म्हणायचा आहे.”

“विचारू की. थोडा मोठा होऊ दे.”

“आत्ता केवढा आहे?”

“मिरो बाळा, त्याला मिसरूडही फुटलं नाही अजून. आणि वाटण्या चालल्यात तिथं. तू त्यांच्या कुठल्या वाट्यात येतोस हे त्यांनाच माहीत नसणार.” मग गालावर हात दाबून म्हणाला, “लवंग आहे का तुझ्याकडं?”

ओलिसाकडं लवंग कुठून असणार?

सप्टेंबरात मीठवाली बेलास्किता खेचरं घेऊन आली. तिच्याकडं मीठ कमी आणि बातम्या जास्त.

“नॉर्मंडीचा ड्यूक यरुशलेमहून परत येताना वाटेतच गेला,” ती म्हणाली. “गादीवर एवढंसं पोर. सरदार एकमेकांचे गळे कापतायत. आणि खाली कोर्दोबात तर खलिफाच उरला नाही. ज्याच्याकडं घोडा, तो सुलतान.”

“मावशी, या सगळ्याचा माझ्याशी काय संबंध?”

“काही नाही. म्हटलं, तुला बरं वाटेल. सगळीकडं हेच चाललंय.”

“मला बरं वाटलं नाही.”

“मग मीठ घे.”

आशा एकच होती: पाम्प्लोनाचे राजे. दणकट माणूस, निम्मा मुलूख जिंकलेला. ते धाकट्या काउंटांना एक निरोप धाडतील आणि माझं भिजत घोंगडं एकदाचं वाळेल. मी रोज संध्याकाळी त्यांच्या तब्येतीसाठी प्रार्थना करत होतो. आईसाठीही मी इतकी केली नव्हती. ऑक्टोबरात राजे वारले.

राज्य त्यांच्या मुलांत वाटलं गेलं. कोणाला काय मिळालं हे कळायच्या आधी जो तो जवळचं उचलायला लागला. त्यातल्या एका भावाच्या नावानं लोपे नावाचा एक सरदार वीस-पंचवीस माणसं घेऊन आमच्या दारात आला. कोणत्या भावाच्या, ते त्यानं दोनदा वेगवेगळं सांगितलं. एर्मेन्गोलनं भांडण केलं नाही. दाढ धरून त्यानं किल्ला फिरून दाखवला.

“ही विहीर. हे कोठार, उंदीर आहेत. हा फोर्तुन, दारवान. हा मिरो, ओलीस.”

“ओलीस कोणाचा?” लोपेनं मलाच विचारलं.

“वारलेल्या काउंटांच्या वतीनं, वारलेल्या राजांकडं.”

“म्हणजे भुतांचा!” लोपे खो-खो हसला. “फुकट जेवतोस होय रे इथं? चल, पळ घरी.”

मी त्याचे हात धरले. सदरा घेतला आणि दाराशी गेलो. दारात फोर्तुन आडवा उभा.

“दोघांनी मिळून ‘सोडा’ म्हटल्याशिवाय सोडायचं नाही, असं ठरलंय.”

“अहो काका, दोघं मेलेत!”

“मेल्यावर म्हणायचं नाही, असं तहात कुठं आहे?”

“मेलेला माणूस बोलेल कसा?”

“ते आपण बघायचं नाही, पोरा. आपण फक्त वाट बघायची. संताच्या हाडावर हात ठेवून शपथ झालीय.”

हाडाचं नाव निघाल्यावर लोपेचं हसणं थांबलं. किल्ला मिळून एक दिवस झाला होता. पहिल्याच दिवशी संताशी वाकडं कशाला? त्यानं मला परत आत पाठवलं. मी सदरा खुंटीला लावला. मग खुंटीलाच एक लाथ मारली. खुंटी दगडी होती.

नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला, किल्ल्यात डुक्कर कापायची गडबड चालू असताना, बाबांनी हल्ला केला.

त्यांना तरी काय नावं ठेवायची? त्या महिन्यात शेजारचा किल्ला घेणं म्हणजे वाटेत पडलेलं सफरचंद उचलणं. मी तटावर धावलो.

“बाबा! मी आहे इथं!”

“माहितीय! बाजूला हो, दगड लागेल!”

लोपे हातात दोर घेऊन माझ्यामागं येऊन उभा राहिला होता. “फोर्तुन,” तो म्हणाला, “याच्या बापानं शांतता मोडली तर पोराला फाशी, बरोबर?”

“बरोबर.”

“मग मोडली का?”

तेवढ्यात एक धोंडा स्वयंपाकघराच्या छपरातून आत गेला. आतून आचारी शिव्या देत बाहेर आला.

“मोडल्यासारखी वाटतेय,” फोर्तुन म्हणाला.

लोपेनं दोर तपासला. दोर चांगला होता. मग त्यानं खाली वाकून पाहिलं. त्याची माणसं मागच्या दारानं टेकडी उतरत होती; एकानं डुकराची तंगडीसुद्धा घेतली होती. लोपेनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा दोराकडं. मग दोर तटाच्या दगडाला बांधला आणि त्यावरून स्वतःच उतरून गेला.

थोड्या वेळानं बाबा आत आले. घामाघूम, आनंदी, दाढीत चुना. वर्षभरानं मी त्यांच्या गळ्यात पडणार, एवढ्यात फोर्तुन मध्ये आला आणि वाकून म्हणाला, “मालक, अभिनंदन. आता आपल्याला या मुलाला फाशी द्यायची आहे.”

“कोणी?”

“आपण. किल्ल्याचे मालक आपण. सुनिफ्रेडनं शांतता मोडली.”

“मी शांतता मोडली?” बाबा खरोखर दुखावले.

“बाबा, तुम्ही स्वयंपाकघर मोडलंत.”

“तू गप रे.”

मी गप्प बसलो नाही. तहाला दोन मालक होते, दोघं गेले. म्हणजे तहही गेला, ओलीसही गेला. बाबांनी फक्त ‘तह संपला’ एवढं म्हणायचं. आम्ही जेवायला घरी. मी हे इतकं सोपं करून सांगितलं की आचाऱ्यालाही पटलं.

बाबा बराच वेळ दाढीतला चुना झाडत राहिले.

“तह संपला तर कुरण?” त्यांनी विचारलं.

“कुरणाचं काय?”

“कुरण तहातच मिळालंय, मिरो.”

“बाबा, इथं मी आहे आणि तिथं गवत आहे.”

“गवत नाही म्हणू नकोस. मेंढ्यांना विचार.” त्यांनी फोर्तुनकडं वळून सांगितलं, “तह आहे. आणि मी मोडलेला नाही. मी मुलाला भेटायला आलो होतो. तुम्हीच दार उघडायला वेळ लावलात.”

फोर्तुननं डोळे मिटून आतल्या आत सगळा तह म्हणून पाहिला. “भेटायला येऊ नये, असं कुठं नाही,” त्यानं कबूल केलं. “मग फाशी नाही. पण तह आहे, म्हणजे ओलीस आहे.”

“थांबा,” मी म्हणालो. “म्हणजे बाबा नीट वागतील याची हमी म्हणून मी बाबांकडंच ओलीस?”

“तू काळजी करू नकोस,” बाबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले. “मी नीटच वागणार आहे.”

पुढचा आठवडा असाच गेला. बाबा किल्लेदाराच्या जागी बसून जेवायचे, मी ओलिसाच्या जागी. मीठ मागितलं तर ते म्हणायचे, “ओलिसाला द्या रे मीठ,” आणि स्वतःच हसायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी सलगमाचं कालवण चिवडता चिवडता मला एक गोष्ट सुचली.

“बाबा, मी पळालो तर?”

“खुळा आहेस? आपली सगळी जमीन जाईल.”

“जाईल कोणाकडं?”

“कोणाकडं म्हणजे? रोकाग्रिसच्या माल…”

त्यांच्या हातातला पाव वाडग्यात पडला. वालसेकाची जमीन आजवर काउंटांची होती, बाबा फक्त राखणदार. दरवर्षी चाकरी, दरवर्षी मुजरा. पण तीच जमीन सुनिफ्रेडकडून जप्त होऊन रोकाग्रिसच्या मालकाला, म्हणजे सुनिफ्रेडलाच, मिळाली तर ती त्याची स्वतःची. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सावकाश, मेंढ्यांच्या कळपासारखं गेलं.

“गाढवा,” ते हळूच म्हणाले, “वर्षभर काय करत होतास? पळ.”

“आत्ता?”

“आत्ता. पण खरंखुरं पळ. त्या फोर्तुनला पटलं पाहिजे.”

मी पळालो. सदरा घ्यायचं विसरलो. मागून बाबांचा आवाज अख्ख्या डोंगरात घुमला: “धरा त्या हरामखोराला! माझा ओलीस पळाला!” मग अंतर कमी झालं की दबक्या आवाजात, “डावीकडून जा रे, उजवीकडं चिखल आहे.” त्यांना दम लागला होता. मला दोनदा थांबून बुटाचा बंद बांधल्याचं नाटक करावं लागलं, नाहीतर ते दिसेनासे झाले असते. त्यांच्यामागं फोर्तुन येत होता. तो धावत नव्हता. भराभर चालत होता.

हद्द म्हणजे ओढा. मी गुडघाभर पाण्यातून पलीकडं गेलो. नोव्हेंबरातलं पाणी, पाय आहेत की नाहीत तेच कळेना.

“गेला!” बाबा काठावर बसकण मारत ओरडले. ते फारच खूश दिसत होते. “फोर्तुन, बघितलंस? हद्द ओलांडली. सुनिफ्रेडची जमीन जप्त. अरेरे.”

फोर्तुन येऊन उभा राहिला. त्यानं ओढ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि डोळे मिटले. मला ते डोळे मिटणं ओळखीचं झालं होतं.

“मालक,” तो म्हणाला, “पलीकडची जमीन जप्त झाली म्हणजे ती आता रोकाग्रिसची. म्हणजे हद्द ओढ्यापाशी राहिली नाही, पार तिकडं डोंगरापाशी गेली. म्हणजे पोरगा हद्दीतच आहे. पळालेलाच नाही.”

“पळाला नाही कसा? पाय ओले आहेत त्याचे!”

“पळाला नाही, तर जमीन जप्त नाही.”

“बरं, मग हद्द ओढ्यापाशीच राहिली?”

“हो.”

“मग तो पलीकडं आहे! पळाला!”

“मग जमीन जप्त.”

“बरोबर!”

“मग हद्द डोंगरापाशी.”

बाबांनी डोकं धरलं. मग दोघंही काठावर बसले, आणि फोर्तुननं एका काटकीनं वाळूत ओढा काढला.

“मी जाऊ का?” मी विचारलं.

“थांब!” दोघं एकदम ओरडले.

मी एका धोंड्यावर बसून राहिलो. त्या वर्षात राजे गेले, काउंट गेले, मला न सांगता पुष्कळ लोक गेले. एकालाही जाताना विचारावं लागलं नव्हतं. सूर्य कड्याआड गेला. पायांचं दुखणं थांबलं होतं, आणि ही काही चांगली खूण नव्हे. पलीकडं वाळूत आता तीन ओढे झाले होते, आणि त्यातला खरा कोणता यावर बाबांचा आवाज चढला होता.

मी उठलो आणि घराच्या वाटेला लागलो. पळालो की हद्दीतच फिरायला निघालो, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

“मिरो!” वळणावर बाबांची हाक आली. “सावकाश जा रे! अजून ठरलेलं नाही!”

मी सावकाश गेलो नाही.